संगणकाला दुसरी डिस्क दिसत नाही!



दिवाळीच्या सुट्टीत माझा भाचा आमच्याकडे राहायला आला होता. तो नववीत शिकतो. हाती पेचकस आला की त्याला घरातली कोणतीही वस्तू बंद अवस्थेत पाहवत नाही. आमच्याकडे २०१३ साली घेतलेला एक संगणक होता. तो पुढे बंद पडला आणि भंगारात गेला, पण त्यातली हार्ड डिस्क मी काढून ठेवली होती. कपाटात, एका जुन्या लोकरी मफलरमध्ये गुंडाळून. लोकर हे वेष्टन किती चुकीचे, ते पुढे येईलच.

त्या डिस्कवर घरातले फोटो होते आणि एक ध्वनिमुद्रण होते. माझ्या वडिलांनी, म्हणजे भाच्याच्या आजोबांनी, २०१४ साली आपल्याला पाठ असलेले सगळे जुने पाढे म्हणून दाखवले होते. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी आणि औटकी. ते आम्ही मोबाइलवर मुद्रित करून संगणकात घातले आणि मोबाइल पुढे बिघडला. वडील २०१७ साली गेले. त्या मुद्रणाची दुसरी प्रत कोठेच नव्हती.

भाचा म्हणाला, "मामा, ही डिस्क आपल्या नव्या संगणकात दुसरी डिस्क म्हणून बसवू या. त्यात काय, दोन तर केबली लावायच्या!"

तो म्हणाला ते खरेच होते. केबली दोनच असतात. तरीही आम्हाला ती डिस्क दिसायला दोन संध्याकाळी लागल्या, आणि त्या दोन संध्याकाळींत आम्ही एकदा सगळे कायमचे घालवण्याच्या अगदी जवळ पोहोचलो होतो. तुमच्याही घरी किंवा शाळेत केव्हातरी हा प्रसंग येईल. म्हणून आज आपण हाच विषय घेऊ.

डिस्कच्या पोटात काय असते?

आधी ही वस्तू काय आहे ते पाहू. हार्ड डिस्कमध्ये आरशासारख्या चकचकीत चकत्या असतात. त्यांवर चुंबकीय द्रव्याचा अतिशय पातळ थर दिलेला असतो. एका सुईसारख्या दांड्याच्या टोकाला असलेले शीर्ष या थरावरील सूक्ष्म ठिकाणांचे चुंबकत्व वाचते किंवा बदलते. चुंबकत्वाचे बदल वाचून त्यांतून ० आणि १ ओळखले जातात. तुमचे फोटो, गाणी, निबंध, सगळे शेवटी या दोन अंकांत साठवलेले असते.

ही कल्पना जुनी आहे. आयबीएम कंपनीने १९५६ साली 'रॅमॅक' नावाच्या संगणकाबरोबर अशी पहिली डिस्क आणली. तिच्यात २४ इंच व्यासाच्या ५० चकत्या होत्या, वजन सुमारे एक टन होते आणि तिच्यात मावत होती फक्त ५० लाख अक्षरे. आजच्या हिशेबाने पावणेचार मेगाबाइट! आज दुकानात मिळणाऱ्या एक टेराबाइटच्या डिस्कमध्ये अशा अडीच लाखांहून अधिक रॅमॅक मावतील.

घरच्या मोठ्या संगणकातील डिस्क साडेतीन इंची म्हणून ओळखली जाते. तिच्यातील चकतीचा व्यास सुमारे ९५ मिलिमीटर असतो. ती मिनिटाला ७,२०० फेरे घेत असेल, तर सेकंदाला किती? १२०. चकतीचा परीघ होतो सुमारे ३० सेंटीमीटर. म्हणजे चकतीच्या काठावरचा बिंदू सेकंदाला सुमारे ३६ मीटर, ताशी जवळजवळ १२९ किलोमीटर वेगाने धावतो. गणित स्वतः करून पाहा. आणि हे शीर्ष त्या धावत्या चकतीला टेकत नाही. हवेच्या पातळ थरावर ते काही नॅनोमीटर उंचीवर तरंगते. आपल्या डोक्यावरचा केस साधारणपणे पन्नास हजार नॅनोमीटरहून जाड असतो! आता सांगा, चालू डिस्क हातात धरून हलवावी का? आमच्या भाच्याने ती हलवली. मी ओरडलो, तेव्हा कोठे त्याने ती खाली ठेवली.

अलीकडच्या बऱ्याच संगणकांत पहिली डिस्क चकत्यांची नसते. ती एसएसडी नावाची, इलेक्ट्रॉनिक स्मृतीची पट्टी असते. तिच्यात फिरणारे काहीच नसते. आमच्या नव्या संगणकात तशीच एक पट्टी मदरबोर्डवर आडवी बसवलेली आहे. ही गोष्ट ध्यानात ठेवा, तिचा पुढे संबंध येणार आहे.

कॅबिनेट उघडण्यापूर्वी

संगणक बंद करा. मग भिंतीवरचे बटण बंद करून प्लगच काढून ठेवा. त्यानंतर संगणकाचे चालू करायचे बटण एकदा दाबा, म्हणजे आत उरलेला थोडासा विद्युतभार निघून जाईल. एसएमपीएसचा, म्हणजे वीज पुरवणाऱ्या पेटीचा डबा कधीही उघडू नका. त्यात धोकादायक दाबाचा विद्युतभार बंद केल्यावरही काही काळ टिकतो.

दुसरा शत्रू आहे स्थितिक विद्युत. हिवाळ्यात स्वेटर काढताना चटचट आवाज येतो ना? तो चटका आपल्याला जाणवतो तेव्हा विद्युतदाब काही हजार व्होल्ट झालेला असतो. आपल्याला त्याने काही होत नाही, कारण त्यातला विद्युतभार अगदी थोडा असतो. पण तेवढाही डिस्कच्या नाजूक चिपला पुरतो. कोकणात पावसाळ्यात हवा दमट असते, तेव्हा हा त्रास कमी. नागपूरच्या किंवा पुण्याच्या कोरड्या हिवाळ्यात जास्त. म्हणून काम करताना मधून मधून कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावावा आणि डिस्क तिच्या कडांनी धरावी. आता कळले ना, लोकरी मफलर का चूक होता?

दोन केबली, दोन कामे

२००३ च्या सुमारास बाजारात आलेली 'साटा' पद्धत आज घरच्या डिस्कसाठी सर्वत्र वापरली जाते. तिच्यात एक अरुंद केबल असते, सात टोकांची. ही माहितीची. दुसरी रुंद, पंधरा टोकांची. ही विजेची. दोन्हींच्या तोंडाचा आकार इंग्रजी 'एल' अक्षरासारखा असतो, त्यामुळे उलट बसवता येत नाही. जोर लावला तर मात्र प्लॅस्टिक तुटते.

विजेच्या केबलीतून ५ व्होल्ट आणि १२ व्होल्ट असे दोन मुख्य दाब जातात. ५ व्होल्टवर इलेक्ट्रॉनिक मंडल चालते आणि १२ व्होल्टवर चकत्या फिरवणारी मोटर. स्थिर चकतीला वेग द्यायला सुरुवातीला जोर लागतो. सायकल सुरू करताना पहिले दोन पॅडल जड जातात ना, तसेच. त्या काही सेकंदांत मोटर सुमारे २ अँपिअर प्रवाह घेते. १२ गुणिले २, म्हणजे २४ वॅट. एकदा वेग आला की सगळ्या डिस्कला सहा-सात वॅट पुरतात. ज्या घरचा एसएमपीएस जुना आणि दमलेला आहे, तेथे एकटी डिस्क चालते आणि दुसरी जोडली की संगणक सुरू होतानाच अडखळतो, त्याचे एक कारण हे.

येथे एक इशारा देतो. काही एसएमपीएसच्या केबली सुट्या निघतात. त्यांचे डिस्ककडील तोंड सगळ्यांचे सारखे असले तरी पेटीकडील तोंडाची रचना कंपनीप्रमाणे वेगळी असते. मित्राच्या संगणकाची केबल आपल्या पेटीला लावली, तर ५ व्होल्टच्या जागी १२ व्होल्ट जाऊन डिस्क क्षणात जळू शकते. अशा जळलेल्या डिस्का मी पाहिल्या आहेत. आपल्या पेटीबरोबर आलेलीच केबल वापरा.

नळाला पाणी का येत नाही?

आता आमची गोष्ट. भाच्याने दोन्ही केबली लावल्या, झाकण लावले, संगणक सुरू केला. डिस्क नाही. त्याने माहितीची केबल दुसऱ्या खाचेत घातली. नाही. केबल बदलली. नाही. डिस्क वरच्या कप्प्यातून खालच्या कप्प्यात नेली. तरी नाही. दर वेळी तो पडद्यावरची डिस्कांची खिडकी उघडून पाही आणि मान हलवी. रात्री दहा वाजता त्याने निकाल दिला, "मामा, डिस्क मेली."

मी त्याला विचारले, घरात नळाला पाणी येत नसेल तर तू काय करशील? तो म्हणाला, टाकीत पाणी आहे का बघेन. बरे, टाकी रिकामी होती, ती भरली. तरी नळ कोरडा. मग? मधला कॉक बघेन. तो बंद होता, उघडला. तरी नळ कोरडा! कारण नळाच्या जाळीत कचरा अडकला होता. आता पाहा, टाकी भरणे चूक होते का? मुळीच नाही. पण तू दर वेळी फक्त नळाकडेच पाहत राहिलास, तर टाकी भरल्याचा काहीच उपयोग झाला नाही असे तुला वाटेल. तू टाकीचा विचार सोडून देशील आणि कदाचित पुन्हा रिकामी करशील!

बिघाड एकामागे एक असले की असे होते. पहिला दुरुस्त केला तरी शेवटी दिसणारा परिणाम बदलत नाही. म्हणून शेवटचे टोक पाहायचे नाही, मधली ठाणी पाहायची. डिस्कच्या वाटेवर चार ठाणी आहेत. चकती फिरते का? संगणकाच्या मूळ कार्यक्रमाला, म्हणजे बायोसला, डिस्कचे नाव कळते का? विंडोजच्या 'डिस्क मॅनेजमेंट'मध्ये ती दिसते का? आणि सर्वांत शेवटी, तिच्यावरच्या फाइली उघडतात का? एका वेळी एकच बदल करायचा, आणि बदल केला की तो वहीत लिहायचा. भाच्याला वहीचा कंटाळा. पण दुसऱ्या दिवशी त्याच वहीने आमची वाट सोपी केली.

पहिले ठाणे: घरघर

दुसऱ्या संध्याकाळी आम्ही झाकण उघडेच ठेवले, घरातला पंखा बंद केला आणि संगणक सुरू केला. डिस्कच्या वरच्या धातूच्या झाकणावर मी हलकेच बोट टेकवले. फिरणाऱ्या डिस्कची बारीक थरथर बोटाला कळते. काहीच कळली नाही. म्हणजे वीजच पोहोचत नव्हती! पाहिले तर विजेची केबल अर्धीच आत गेली होती. कॅबिनेटचा पत्रा तिला अडवत होता. डिस्क थोडी पुढे सरकवली, केबल पूर्ण बसवली, अर्थात संगणक बंद करून आणि प्लग काढून. पुन्हा सुरू केल्यावर 'झुंऽऽ' असा चढत जाणारा आवाज आला आणि स्थिरावला. भाच्याने टाळी वाजवली.

आवाजावरून आणखी काही कळते. आवाज चढून स्थिरावला तर ठीक. ठरावीक वेळाने 'टक्-टक्' येत राहिले, तर शीर्षाला आपली जागा सापडत नाही असे समजावे. अशी डिस्क पुन्हा पुन्हा चालू करून पाहू नये. आतले शीर्ष तुटलेले असेल, तर दर फेरीला ते चकतीवर ओरखडे काढत असते. तिच्यावर मोलाचे काही असेल तर ती तशीच जाणकाराकडे न्यावी.

दुसरे ठाणे: बायोस

संगणक सुरू होताना ठरावीक कळ दाबली की बायोसचा पडदा येतो. कळ कोणती ते पडद्यावर लिहिलेले असते. बहुधा 'डिलीट' किंवा 'एफ २'. तेथे जोडलेल्या डिस्कांची यादी असते. आमची डिस्क फिरत होती, पण यादीत नव्हती.

अशा वेळी मदरबोर्डची पुस्तिका वाचावी. ती कोणी वाचत नाही हे मला माहीत आहे. आमच्या पुस्तिकेत बारीक अक्षरांत लिहिले होते की, आडवी पट्टी बसवली असेल तर साटाच्या पाचव्या आणि सहाव्या खाचा बंद राहतात. अनेक मदरबोर्डांवर असे असते. त्याचे कारण साधे आहे. माहितीची ने-आण करणाऱ्या मुख्य चिपकडे वाटायला मोजकेच मार्ग असतात. ते पट्टीला दिले की त्या खाचांना उरत नाहीत. आदल्या दिवशी भाच्याने डिस्क आधी सहाव्या खाचेत लावली होती, आणि बदलली ती पाचव्या! वहीत तसे लिहिलेलेच होते. आम्ही दुसरी खाच घेतली. बायोसमध्ये डिस्कचे नाव आले.

आणखी एक. दुसरी डिस्क जोडल्यावर कधी कधी संगणक सुरूच होत नाही आणि 'कार्यप्रणाली सापडत नाही' अशा अर्थाचा संदेश येतो. घाबरू नका. संगणक नव्या डिस्कवरून सुरू व्हायला पाहत असतो. बायोसमध्ये सुरुवातीचा क्रम असतो, तेथे जुनी डिस्क पहिली ठेवली की झाले.

जुन्या संगणकांची थोडी गंमत

काही शाळांच्या प्रयोगशाळेत कोपऱ्यात अगदी जुने संगणक पडलेले असतात. त्यांत साटा नसते. रुंद, चपटी, पट्ट्यासारखी केबल असते. तिला ४० टोके असतात आणि एकाच केबलवर दोन डिस्का बसतात. मी १९९९ साली अशी दुसरी डिस्क बसवली. त्याबरोबर पहिलीही दिसेनाशी झाली! रात्रभर झोप नाही.

त्याचे असे होते. एका केबलवरच्या दोन्ही डिस्कांना प्रत्येक आज्ञा ऐकू जाते. आज्ञा कोणासाठी, ते एका अंकावरून कळते. ० असेल तर पहिलीने उत्तर द्यायचे, १ असेल तर दुसरीने. आपण पहिली की दुसरी, हे डिस्कला सांगण्यासाठी मागे बारीक टाचण्या असतात आणि त्यांवर 'जंपर' नावाची इवलीशी टोपी चढवायची असते. पहिलीला 'मास्टर' आणि दुसरीला 'स्लेव्ह' म्हणत. माझ्या दोन्ही डिस्कांवर टोपी 'मास्टर'च्या जागी होती. वर्गात दोन मुलांना एकच हजेरी क्रमांक दिला आणि दोघेही एकदम "हजर!" म्हणाले, तर गुरुजींना काय कळणार? टोपी हलवली आणि दोन्ही डिस्का शहाण्यासारख्या दिसू लागल्या. साटामध्ये प्रत्येक डिस्कला स्वतंत्र केबल दिली, त्यामुळे हा तंटाच मिटला.

तिसरे ठाणे: आणि हुकलेली आपत्ती

विंडोज सुरू झाली. नेहमीपेक्षा बराच वेळ लागला. हा पहिला इशारा होता, पण आनंदाच्या भरात माझे तिकडे लक्ष गेले नाही. डिस्कला अक्षर मिळाले. भाच्याने त्यावर टिचकी मारली, आणि पडद्यावर संदेश आला. ही डिस्क वापरण्यापूर्वी फॉरमॅट करायला हवी, करू का?

"मामा, हो म्हणू?" असे विचारताना त्याचे बोट माउसवर होते.

"अरे, थांब! हात काढ आधी!"

मित्रांनो, हा संदेश नीट समजून घ्या. कोरी डिस्क म्हणजे मोजणी न झालेले माळरान. तिच्यावर आधी गट पाडावे लागतात, कोणता गट कोठून कोठपर्यंत याची नोंद करावी लागते, मग प्रत्येक गटात फाइलींची नोंदवही उघडावी लागते. जमिनीचा सातबारा असतो ना, तसेच हे. डिस्क नवी कोरी असेल तर विंडोज ती 'इनिशिअलाइझ' करायला आणि मग फॉरमॅट करायला सांगते. तेथे 'हो' म्हणणे बरोबरच आहे. पण डिस्क जुनी आणि भरलेली असेल, तर या संदेशाचा अर्थ एवढाच की, 'मला येथील नोंदवही वाचता येत नाही.' न वाचता येण्याची कारणे अनेक असतात. विंडोज त्यांचा शोध घेत नाही, नवी नोंदवही उघडू का असे विचारते. 'हो' म्हटले की जुनी नोंदवही गेली!

चुकून असे झालेच, तर त्या डिस्कवर त्यानंतर काहीही लिहू नका आणि संगणक बंद करा. झटपट फॉरमॅटमध्ये चकतीवरचा मजकूर बहुतेक तसाच असतो, फक्त अनुक्रमणिका फाटलेली असते. जाणकार तो पुष्कळदा परत मिळवतात. एसएसडीची गोष्ट वेगळी आहे. ती रिकामी सांगितलेली जागा स्वतःच लवकर पुसून टाकते.

डिस्क दोन असल्या की आणखी एक धोका असतो. फॉरमॅट करायची असते नवी आणि टिचकी पडते जुनीवर. डिस्क ओळखताना तिचा क्रमांक पाहू नका. क्रमांक बदलू शकतात. तिची क्षमता पाहा. आणि क्षमता पाहताना गोंधळू नका. डब्यावर ५०० गिगाबाइट लिहिलेली डिस्क विंडोजमध्ये ४६५ दिसते. दुकानदाराने फसवलेले नसते. कारखानदार गिगाबाइट म्हणजे १०० कोटी बाइट धरतो, तर विंडोज १०२४ चा तीनदा गुणाकार करते, म्हणजे १०७ कोटींहून जास्त. ५०० अब्जांना त्याने भागून पाहा.

नव्या मोठ्या डिस्कबाबत एक प्रश्न हमखास येतो. ३ टेराबाइटची डिस्क घेतली आणि वापरता येतात फक्त २ च्या आसपास, बाकीची जागा काळ्या पट्टीत अडकलेली. याचे मूळ गट पाडण्याच्या जुन्या पद्धतीत आहे. १९८३ साली ठरलेल्या या 'एमबीआर' पद्धतीत जागेचा क्रमांक लिहायला ३२ द्विमान अंकांचीच सोय आहे. दोनचा बत्तिसावा घात म्हणजे सुमारे ४२९ कोटी. प्रत्येक तुकडा ५१२ बाइटचा. गुणाकार करा, सुमारे २.२ टेराबाइट येतात. त्यापुढच्या जागेला क्रमांकच देता येत नाही! 'जीपीटी' ही नवी पद्धत ६४ अंक वापरते. मोठी नवी डिस्क इनिशिअलाइझ करताना तीच निवडावी.

मग चूक कोणाची?

आमची डिस्क फिरत होती, बायोसला दिसत होती, पण वाचता येत नव्हती. डिस्क खराब, की वाट खराब?

वाटेचा विचार करू. साटाच्या केबलीतून सेकंदाला सहा अब्ज अंक जाऊ शकतात. म्हणजे एका अंकाला मिळतो सेकंदाचा सहा अब्जावा भाग. तेवढ्या वेळात प्रकाशकिरणसुद्धा फक्त ५ सेंटीमीटर जातो, आणि तारेतला संकेत त्याहून कमी. म्हणजे अर्ध्या मीटरच्या केबलीत एका क्षणी दहाहून अधिक अंक मुंग्यांच्या रांगेसारखे चाललेले असतात! अशा केबलीला घडी पडली, टोक सैल झाले, तर अंक चुकणारच.

चूक झाली हे कळते कसे? समजा, मी तुम्हाला ४७२ ही संख्या फोनवर सांगितली आणि अंकांची बेरीज १३ हेही सांगितले. तुम्ही ४७३ ऐकलेत तर बेरीज १४ येईल, चूक सापडेल. पण तुम्ही ७४२ ऐकलेत तर? बेरीज १३ च! म्हणून बेरजेऐवजी मी ११ ने भागल्यावर उरणारी बाकी सांगतो. ४७२ ची बाकी १०, ७४२ ची ५. चूक पकडली! साटामध्ये याच धर्तीवर, पण द्विमान अंकांच्या खास भागाकाराने, ३२ अंकांची बाकी काढून माहितीच्या प्रत्येक तुकड्यासोबत पाठवतात. बाकी जुळली नाही की तुकडा पुन्हा मागवायचा. फार वेळा जुळली नाही तर वेग कमी करायचा, आणि तरीही जमेना तर नाद सोडायचा. आमची विंडोज सुरू व्हायला वेळ का लागला, ते आता तुमच्या लक्षात आले असेल.

गंमत म्हणजे डिस्क आपले आरोग्यपत्रक स्वतःच ठेवते. त्याला 'स्मार्ट' म्हणतात. ते वाचणारे कार्यक्रम फुकट मिळतात. त्यातली ५ आणि १९७ या क्रमांकांची नोंद वाढत असेल तर चकतीचा पृष्ठभागच बिघडत चालला आहे. १९९ ही नोंद न जुळलेल्या बाक्यांची, म्हणजे बहुधा वाटेतल्या चुकांची. आमच्या डिस्कच्या ५ आणि १९७ या दोन्ही नोंदी शून्य होत्या. १९९ मध्ये २१२ होते. हा आकडा आयुष्यभराचा असतो आणि कमी होत नाही. म्हणून नुसता आकडा पाहून काही ठरत नाही, तो वाढतो का ते पाहायचे. दहा मिनिटांनी पाहिले, २६० झाले होते!

आता निर्णायक प्रयोग. संगणक बंद करून सीडी वाचणाऱ्या यंत्राची, रोज नीट चालणारी केबल काढली आणि डिस्कला लावली. बाकी काहीही बदलले नाही. संगणक झटकन सुरू झाला. डिस्क उघडली. फोल्डरांची यादी सरसर उतरली. १९९ ची नोंद तपासली, दहा मिनिटांनी आणि अर्ध्या तासाने. जागची हलली नाही. खात्रीसाठी जुनी केबल निरखली, तेव्हा तिच्या मध्यावर पक्की घडी पडलेली दिसली. भंगाराच्या पेटीतून ती आणली होती मीच.

आता भाच्याने तीन बिघाड वहीत एकाखाली एक लिहिले. अर्धी बसलेली वीज, बंद खाच, घडी पडलेली केबल. मग तो म्हणाला, "म्हणजे काल मी खाच बदलली तेव्हा तिथे वीज नव्हती, आणि केबल बदलली तेव्हा वीजही नव्हती आणि खाचही मेलेली होती!" मी त्याला म्हटले, आता ती केबल कात्रीने काप, नाहीतर पुढच्या वर्षी मीच ती पुन्हा कोणाला तरी देईन.

दुसरे काहीही करण्याआधी आम्ही सगळे फोल्डर नव्या संगणकात उतरवले आणि आणखी एक प्रत बाहेरच्या यूएसबी डिस्कवर घेतली. ती भाचा आपल्या घरी घेऊन गेला, म्हणजे दोन प्रती दोन गावांत.

मग आम्ही मुद्रण लावले. आई स्वयंपाकघरातून येऊन दाराशी उभी राहिली. आधी कुकरची शिट्टी ऐकू आली, मग कोणीतरी "गप्प बसा रे" म्हणाले, आणि वडिलांनी औटकी सुरू केली. औट म्हणजे साडेतीन. भाच्याला हा शब्द माहीत नव्हता. तो बोटांवर मोजू लागला. साडेतीन, सात, साडेदहा, चौदा. मधेच थांबून त्याने कॅबिनेटमधल्या त्या साडेतीन इंची डिस्ककडे पाहिले आणि हसत म्हणाला, "मामा, ही तर औट इंची डिस्क!"